सात स्वर, बारा स्वर आणि चुकलेली वजाबाकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून ऑनलाइन इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्या एका ताईंकडे मंगोलियाच्या राजधानीचे, उलानबातरचे चार प्रौढ विद्यार्थी आहेत. व्याकरण ठीक, शब्दसंग्रह चांगला. पण 'बेड' म्हणायला गेले की 'बिड' निघतं, 'बॅड' आणि 'बड' एकच होतात, 'होटेल'चं 'हॉटल' होतं आणि 'बर्ड' म्हणताना ओठांचा चंबू होतो. ताई विचारतात: मंगोलियनमध्ये सात स्वर, इंग्रजीत बारा, मग वरचे पाच कोणते आणि ते कोणत्या क्रमाने शिकवायचे?

ताई, तुम्ही चुका अगदी नेमक्या टिपल्या आहेत, वजाबाकी तेवढी चुकली. मंगोलियनचे सातही स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही रूपांत येतात आणि त्या फरकाने अर्थ बदलतो. म्हणजे चौदा झाले, वर चार-पाच जोडस्वर. ब्रिटिश इंग्रजीत साधे बारा आणि जोडस्वर आठ धरतात. थोडक्यात, माल भरपूर आहे. अडतं ते कोणता स्वर शब्दात कुठे ठेवायचा यावर. मंगोलियनमध्ये शब्दाच्या पहिल्या अवयवात (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याला मी इथे अवयव म्हणतो) सगळ्या स्वरांना मोकळीक असते, पण त्यापुढच्या अवयवांत ऱ्हस्व स्वर जवळजवळ पुसले जातात. इंग्रजीत कुठला स्वर ठसठशीत आणि कुठला पुसट हे आघात (एखाद्या अवयवावर दिलेला जोर) ठरवतो, आणि आघात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कुठल्याही अवयवावर पडू शकतो. म्हणून तुमच्या चार तक्रारींत 'हॉटल' ही माझ्या मते सगळ्यात मोठी. बहुतेक शिक्षक तिला शेवटी हात घालतात आणि तोवर बाकीची मेहनत निम्मी वाया गेलेली असते.

पण आधी विद्यार्थी नेमके कुठले हे विचारून घ्या. मी पुढे जे सांगतो आहे ते उलानबातर आणि आसपासच्या खाल्खा बोलीला धरून आहे. बायान-उल्गी प्रांतातला विद्यार्थी असेल तर त्याची मातृभाषा बहुधा कझाक असणार, आणि मग हे उत्तर अर्ध्याहून जास्त गैरलागू. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियातला, चाखार बोलीचा असेल तर त्याच्याकडे 'ॲ'सारखा स्वर ऱ्हस्व रूपातही तयार असतो, त्यामुळे 'बॅड'चं दुखणं बरंच कमी होतं. पश्चिमेकडच्या ओइराद बोलींत 'ओ' आणि 'उ' यांच्या एका जोडीला जीभ पुढे येते, तिथे 'बर्ड' वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. वयही बघा. १९९० च्या आधी शाळा झालेल्यांची पहिली परकी भाषा रशियन होती, आणि रशियनमध्ये स्वराच्या लांबीने अर्थ बदलत नाही. अशी मंडळी इंग्रजी शब्द रशियन चष्म्यातून ऐकतात. आणि कर्नाटकात मुंडगोडच्या द्रेपुंग गोमांग मठात शिकलेला मंगोलियन भिक्षू तुमच्याकडे आला, तर त्याच्या कानात तिबेटीही मुरलेली असते.

लिहिण्याच्या सोयीसाठी एक खूण ठरवू. दीर्घ स्वरापुढे मी अवग्रह लावतो. 'आ' म्हणजे तोकडा आ, 'आऽ' म्हणजे लांबवलेला. मंगोलियनचे सात स्वर साधारण असे: आ, ए, इ, ऑ, मधल्या जिभेचा गोल ओ, आणि दोन उ. एक घसा आवळून, जीभ मागे ओढून काढलेला, त्याला 'जाड उ' म्हणू. दुसरा आपल्या 'ऊस'मधल्या स्वराजवळचा, त्याला 'बारीक उ'. मंगोलियन व्याकरणात आ, ऑ, जाड उ हे 'पुरुष स्वर', ए, ओ, बारीक उ हे 'स्त्री स्वर' आणि इ हा तटस्थ. एका शब्दात सहसा एकाच गटाचे स्वर राहतात. विद्यार्थ्यांना ही विभागणी शाळेपासून पाठ असते. ती पुढे लागेल.

लांबीचा फरक त्यांच्या कानाला किती सहज कळतो ते बघा. 'चास' म्हणजे बर्फ, 'चाऽस' म्हणजे कागद (च चमच्यातला, जरा हवा सोडून). 'खॉल' म्हणजे दूर, 'खॉऽल' म्हणजे जेवण. 'देल' म्हणजे घोड्याची आयाळ, 'देऽल' म्हणजे त्यांचा पारंपरिक अंगरखा. इथे आपल्या लोकांनी कान पकडावा अशी गोष्ट आहे. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार लिहिताना आपण काटेकोर असतो, पण बोलताना लांबी बहुतांशी शब्दातल्या जागेवरून ठरते. तेव्हा 'शिप' आणि 'शीप'मधली लांबी तुमच्यापेक्षा तुमच्या विद्यार्थ्याला जास्त चांगली ऐकू येण्याची शक्यता आहे. गंमत अशी की हीच ताकद पुढे अंगाशी येते.

पहिल्या अवयवाची मक्तेदारी

'उलानबातर' हा शब्द एखाद्या विद्यार्थ्याकडून नेहमीच्या वेगात म्हणवून घ्या. 'लाऽ' आणि 'बाऽ' खणखणीत येतील, शेवटच्या 'तर'मधला स्वर जेमतेम. लिपीत तो 'आ' आहे, तोंडात नुसती झुळूक. 'मंगोल' या शब्दातही दुसरा स्वर असाच विरतो. नियम सोपा आहे: पहिल्या अवयवानंतर एकेरी लिहिलेला स्वर पुसट, दुहेरी लिहिलेला स्वर शाबूत. आणि हा पुढचा दुहेरी स्वर प्रत्यक्षात फार लांब नसतो, साधारण पहिल्या अवयवातल्या ऱ्हस्व स्वराएवढाच भरतो.

हे नीट समजलं की 'हॉटल' कसं घडतं ते उघड दिसतं. 'हो' पहिला, म्हणून ठसठशीत. 'टे' दुसरा आणि एकेरी, म्हणून पुसट. इंग्रजीत नेमकं उलटं हवं. 'बिगिन', 'पोलीस', 'जपान', 'अगेन', 'अबाउट' सगळ्यांची हीच गत. आपणही 'हॉटेल' म्हणतो, पण आपला 'टे' जागेवर असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं अडत नाही. त्यांच्याकडे स्वरच गायब होतो, आणि 'बिगिन'चा 'बिग्न' झाला की इंग्रज माणसाला तो कुठला शब्द हे खरंच कळत नाही.

उपाय दोन भागांत आहे. पहिला भाग: आघाताचा स्वर वाचवणं. विद्यार्थ्याला शब्द त्याच्या सिरिलिक लिपीत (रशियनचीच लिपी, मंगोलियनही तिच्यात लिहितात) लिहू द्या, पण आघाताचा स्वर दोनदा लिहायला लावा. 'होटेल'मधला ए दोनदा, 'बिगिन'मधला दुसरा इ दोनदा. लिपीची सवय इतकी पक्की असते की तो स्वर आपोआप पूर्ण निघतो, आणि पुढच्या अवयवातला दुहेरी स्वर मुळात फार लांबत नसल्यामुळे 'बिगीऽऽन' असं हास्यास्पदही होत नाही. ही युक्ती तीन-चार आठवड्यांपुरतीच. त्यानंतर सिरिलिक काढून घ्या, नाहीतर इंग्रजी स्पेलिंग वाचण्याची सवय लागत नाही.

दुसरा भाग जास्त चिवट: पहिला स्वर पुसट करणं. मंगोलियन तोंडाला हे ठाऊकच नाही, आणि 'तो स्वर हळू म्हणा' असं सांगून काहीही होत नाही. फक्त आवाज बारीक होतो, स्वर तसाच राहतो. त्याऐवजी शब्दाच्या पुढे एक ठसठशीत एकावयवी शब्द जोडा आणि दोन्ही मिळून एकच शब्द आहे असं समजून म्हणायला लावा: 'बिग-होटेल', 'वन-बनाना', 'थिंक-अबाउट', 'गो-अवे'. आता 'हो', 'ब', 'अ' हे पहिले राहिले नाहीत, दुसऱ्या जागेवर गेले, आणि मंगोलियनच्या स्वतःच्या नियमाने पुसट झाले. दहा वेळा असं म्हटलं की पुढचा शब्द कुजबुजत म्हणा, मग फक्त मनात म्हणा. 'वन-बनाना'मध्ये मधला 'ना' मात्र दुहेरी लिहिलेला हवा, नाहीतर तोही वाहून जातो. मी एका तासात आठांहून जास्त शब्द घेत नाही. होटेल, बिगिन, पोलीस, बनाना, अबाउट, अगेन, टुडे, कम्प्यूटर एवढे पहिल्या आठवड्याला पुरतात.

पहिल्याच अवयवावर आघात असलेले शब्द, म्हणजे डॉक्टर, टेबल, वॉटर, हे ते आपल्यापेक्षा सुरेख म्हणतात. तिथे त्यांना दुरुस्त करायला जाऊ नका. मराठी शिक्षक 'डॉक्टर'मधला 'टर' भरीव म्हणतो आणि विद्यार्थ्याचा बरोबर पुसट स्वर 'स्पष्ट बोला' म्हणून बिघडवतो. अपवाद एकच: 'सिटी', 'मेनी', 'हॅपी' यांचा शेवटचा इ. घाईत तो गळतो आणि मागच्या व्यंजनाला नुसता यकाराचा स्पर्श उरतो, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटच्या इ-चं असंच झालं आहे. जुन्या मंगोल लिपीत घोडा 'मॉरि' असा लिहिला जातो, पण आता शेवटी ऐकू येतो तो फक्त मऊ झालेला 'र'. इथेही दुहेरी लिहिण्याची युक्ती चालते.

पुढच्या जिभेचा जिना

आता तुमचे 'बेड-बिड' आणि 'बॅड-बड'. या दोन वेगळ्या चुका वाटतात, पण एकाच जिन्यावरच्या आहेत. इंग्रजीत पुढच्या जिभेच्या चार पायऱ्या: 'शीप', 'शिप', 'बेड', 'बॅड'. खाली जावं तसा जबडा उघडत जातो. मंगोलियनमध्ये यातल्या तीन पायऱ्या दीर्घ रूपात पक्क्या आहेत. 'इऽ' आहे, 'देऽल'मधला 'एऽ' आहे आणि 'ॲऽ'सुद्धा आहे. तो लपलेला आहे एवढंच. 'सॅऽन बॅऽन ऊऽ' हे त्यांचं रोजचं अभिवादन. लिपीत तिथे 'आइ' असा जोडस्वर दिसतो, पण खाल्खा तोंडी तो बहुतेकांचा सरळ 'ॲऽ' होतो. विद्यार्थ्याला सांगा की तुझ्याकडे हा स्वर आहे, तू दिवसातून पन्नास वेळा वापरतोस. तो चकित होतो, कारण शाळेत तो स्वर म्हणून कुणी मोजलेला नसतो.

दुखणं आहे ते स्वर ऱ्हस्व करताना. 'एऽ' तोकडा केला की उलानबातरच्या बऱ्याच जणांचा तो 'इ'कडे चढतो, कारण त्यांच्या बोलीत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व इ एकमेकांत मिसळत गेले आहेत. म्हणून 'बेड'चा 'बिड'. 'ॲऽ' तोकडा केला की त्याला ऱ्हस्व जोडीदारच नसल्यामुळे तो 'आ'वर जाऊन आदळतो. म्हणून 'बॅड'चा 'बड'. 'बड' त्यांना येतोच, त्यावर वेळ घालवू नका. दुरुस्ती 'बॅड'ची करायची.

क्रम असा ठेवा. 'सॅऽन'मधला स्वर धरून आधी 'बॅड', 'मॅड', 'बॅग', 'सॅड' घ्या. या शब्दांच्या शेवटी घोष व्यंजन (ग, ड यांसारखं, ज्याला कंठात कंप होतो; क, ट ही अघोष) असल्यामुळे इंग्रजीतही स्वर बऱ्यापैकी लांब असतो, तोडावा लागत नाही. दोनतीन तास हेच. त्यानंतर 'कॅट', 'बॅक', 'मॅप', जिथे स्वर खरोखर तोकडा आहे. शब्द तोडताना जबडा वर येऊ लागला की थांबा. हनुवटीखाली उलटा हात ठेवायला सांगा: 'बॅ' म्हणताना हाताला धक्का बसला पाहिजे, 'बे'ला अर्धा, 'बि'ला जवळजवळ नाही. 'बेड'साठी हेच 'देऽल'पासून: देऽल, देऽड, बेऽड, बेड. चौथ्या वेळेला हात वर सरकला तर स्वर चढला.

राहिली 'शिप'ची पायरी, ती त्यांच्याकडे नाहीच. विद्यार्थी ऱ्हस्व आणि दीर्घ 'इ'ची जोडी वापरून वेळ निभावतो: तोकडा म्हणजे 'शिप', लांब म्हणजे 'शीप'. वर्गात हे खपतं. बाहेर फसतं, कारण इंग्रजीत लांबी पुढच्या व्यंजनावरही अवलंबून असते. अघोष व्यंजनापुढे स्वर आखडतो, घोषापुढे पसरतो. त्यामुळे 'बीट'चा दीर्घ म्हणवला जाणारा स्वर आणि 'बिड'चा ऱ्हस्व म्हणवला जाणारा स्वर घड्याळाने जवळपास सारखेच भरतात. फक्त लांबी मोजणारा विद्यार्थी इथे हमखास चुकतो. 'बीड, बीट, बिड, बिट' हे चार शब्द उलटसुलट ऐकवून बघा. तो चुकलेला शब्द बहुधा मधल्या दोनांपैकी एक असेल.

म्हणून त्याला जिन्यावरून उतरवा. एका श्वासात 'इऽऽ' पासून 'एऽऽ' पर्यंत सावकाश घसरत जायचं आणि अर्ध्या वाटेवर टाळी वाजली की तिथेच थांबून स्वर धरायचा. 'शीप'ला जिभेच्या कडा वरच्या दाढांना घट्ट टेकतात आणि ओठ ताणलेले असतात. 'शिप'ला कडा सैल सुटतात, ओठ ढिले. या टप्प्यावर मी लांबीचं नावही काढत नाही. उलट मुद्दाम 'शिऽऽप' लांबवून म्हणायला लावतो आणि 'शीप' तोकडा. लांबी उलटी केल्यावरही दोन शब्द वेगळे ऐकू आले, की समजायचं स्वराचा रंग पकडला.

इथे व्यंजनांकडेही लक्ष ठेवा. मंगोलियनमध्ये 'त' आणि 'द' यांतला फरक हवेच्या झोताचा आहे, घोषाचा नाही, आणि स्वरानंतर येणाऱ्या 'त'च्या आधी श्वासाची एक हलकी फुंकर ऐकू येते. त्यामुळे 'बॅट' आणि 'बॅड' ते त्या फुंकरीने वेगळे करतात आणि स्वर दोन्हीकडे सारखाच ठेवतात. इंग्रज कान मात्र आधी स्वराची लांबी बघतो. 'बॅड'ला स्वर दीडपट ओढा, असं ढोबळ सांगितलं तरी पुरतं. शब्दाच्या शेवटचा 'न'ही असाच स्वर बिघडवतो. त्यांच्याकडे अंती येणारा 'न' हा 'ङ' होतो. राजा या अर्थाचा 'खान' ते 'खाङ' म्हणतात. आणि भिंतीसाठी 'खाना' असं लिहून 'खान' म्हणतात, शेवटचा आ केवळ न वाचवण्यापुरता. म्हणून 'सन'चा 'सङ' होतो. 'सन-अँड', 'टेन-ऑफ' असा पुढे स्वर जोडून म्हणवलं की न जागेवर येतो.

दोन उ, आणि चुकीची उदाहरणं

ही बाजू सोपी आहे, फक्त कुणी वापरत नाही. मंगोलियनमध्ये जाड उ घेऊन 'उस' म्हटलं की पाणी, बारीक उ घेऊन 'उस' म्हटलं की केस. दीर्घ जाड उ घेऊन 'उऽल' म्हणजे डोंगर, दीर्घ बारीक उ घेऊन 'उऽल' म्हणजे ढग. इंग्रजीच्या 'पुट'साठी पाण्याचा उ घ्या आणि 'बूट'साठी ढगाचा. एका तासात काम होतं. स्पेलिंग मात्र घात करतं: 'बुक' आणि 'फूड' दोन्हींत दोन ओ, म्हणून विद्यार्थी दोन्हींना एकच स्वर देतो. शब्दांची यादी दोन रकान्यांत करून वर 'पाणी' आणि 'ढग' लिहून ठेवा.

दोन सावधगिऱ्या. पाठ्यपुस्तकातली लाडकी 'फुल-फूल' जोडी टाळा. मंगोलियन 'ल' हा फुसफुसणारा, घर्षणाचा असतो आणि इंग्रजीचा शेवटचा 'ल' जड. त्या गोंगाटात स्वर ऐकूच येत नाही. आणि 'गुड' उशिरा घ्या. पुरुष स्वरांच्या सोबतीला त्यांचा 'ग' घशात मागे जातो, म्हणून जाड उ सांगितला की 'गुड'चा ग पडजिभेपाशी उमटतो.

'बर्ड'साठीही घरचाच माल आहे. ओठ गोल होतात कारण विद्यार्थ्याला जवळचा वाटतो तो त्याचा मधला 'ओऽ'. जीभ तिथे जवळपास बरोबर असते! चुकतात ते फक्त ओठ. आरशासमोर 'ओऽऽ' धरायला सांगा, जीभ न हलवता ओठांचे कोपरे दोन बोटांनी बाजूला ओढायला सांगा. जो आवाज निघतो तो 'बर्ड', 'वर्क', 'फर्स्ट'चा स्वर. मग बोटं काढायची. र उच्चारायचा की नाही हे तुम्ही ब्रिटिश शिकवता की अमेरिकन यावर आहे. ब्रिटिश असेल तर सुरुवातीला र पूर्ण गाळा, कारण त्यांचा र थरथरतो आणि स्वर तिथेच तुटतो.

जोडस्वरांत मंगोलियनचा कल एकेरी करण्याकडे. 'टाइम' जर 'टॅऽम' होत असेल तर कारण वर आलंच: लिहिलेला 'आइ' तोंडात 'ॲऽ' होतो. 'बायर' म्हणजे आनंद किंवा सण. त्यातला 'बाय' कापून घ्या, झाला इंग्रजी 'बाय'. 'हाउ', 'नाउ'साठी 'आऽव' म्हणजे वडील, कारण त्यांचा शेवटचा व ओठ न आवळता, जवळजवळ उ-सारखा येतो. 'गो', 'बोट'साठी 'ओव' म्हणजे वारसा. हा शेवटचा तर ब्रिटिश स्वराच्या फारच जवळ बसतो, कारण सुरुवात मधल्या जिभेने होते. 'फेस', 'गेट' मात्र त्यांच्याकडे सपाट 'एऽ' राहतो. कळायला अडचण नाही, सोडून द्या.

स्वरसंगतीवर, म्हणजे एका शब्दात एका गटाचे स्वर या नियमावर, बरेच जण सगळं खापर फोडतात. मला ते पटत नाही. इंग्रजी शब्दातले ठसठशीत स्वर ती फारसे बदलत नाही. ती दिसते ती घुसडलेल्या स्वरात. त्यांच्या जुन्या शब्दांच्या आरंभी र चालत नाही, म्हणून रशियाला ते 'ऑरॉस' म्हणतात, पुढे चिकटवलेला स्वर मागच्या स्वराचीच नक्कल. जोडाक्षराने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांतही असा चोरटा स्वर शिरू शकतो. रशियन शब्दांची सवय असलेल्यांत तो कमी आढळतो. दिसलाच तर 'स्कूल'ऐवजी 'दिस-स्कूल' म्हणवा, स आधीच्या शब्दाला चिकटतो.

इथवरचा क्रम एकदा लावू: आधी आघात आणि पुसट स्वर, मग 'बॅड', मग 'बेड', त्यानंतर 'शिप'. दोन उ आणि 'बर्ड' मधे कुठेही, विद्यार्थी कंटाळला असेल त्या दिवशी. ते पटकन जमतात आणि हुरूप येतो.

तुमचे स्वर

हे जरा नाजूक आहे, पण सांगायला हवं. मराठीभाषक शिक्षकाकडे ॲ आणि ऑ उत्तम असतात, त्या बाबतीत तुम्ही खुशाल नमुना व्हा. पण आपण 'पेन' लिहिण्याचं आणि 'पेन' दुखण्याचं दोन्ही एकाच ए-ने म्हणतो. फाटकाचं 'गेट' आणि मिळवण्याचं 'गेट' तसंच. तुमचा विद्यार्थी लांबीवर कान ठेवून बसलेला असतो. त्याला तुमचा लांब ए ऐकू आला की तो 'बेड'सुद्धा 'बेऽड' साठवतो. 'शिप-शीप'मध्येही तुमचा स्वर फक्त लांबीत बदलत असेल तर वर सांगितलेला जिना कोसळलाच. त्या दोन जोड्यांसाठी स्वतःचा आवाज वापरू नका. किमान चार वेगवेगळ्या माणसांची ध्वनिमुद्रणं घ्या, दोन स्त्रिया, दोन पुरुष. एकाच आवाजावर शिकलेला कान दुसऱ्या आवाजापुढे अडखळतो.

ऐकण्याची चाचणी बोलण्याच्या आधी. दहा शब्द, चारही आवाज मिसळून, विद्यार्थ्याने फक्त एक किंवा दोन बोटं दाखवायची. दहात नऊ बरोबर येईपर्यंत मी त्या जोडीचं बोलणं सुरू करत नाही. रोज पाच मिनिटं पुरतात, आठवड्यातून एकदा अर्धा तास बसण्यापेक्षा त्याचा गुण जास्त.

आणि कानावर भरवसा नसेल तर मोजा. 'प्राट' हा ध्वनिविश्लेषणाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. स्वराच्या मधोमध कर्सर ठेवून पहिले दोन फॉर्मंट (तोंडाच्या आकारामुळे स्वरात ठळक होणाऱ्या कंपनसंख्या) वाचायचे. कमाल मर्यादा स्त्रीच्या आवाजाला ५५०० हर्ट्झ, पुरुषाच्या आवाजाला ५००० ठेवा, नाहीतर आकडे भलतेच येतात. पहिला फॉर्मंट जबडा उघडण्याबरोबर वाढतो. पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ मध्ये ७६ अमेरिकन वक्त्यांवर घेतलेल्या मापांत स्त्रियांच्या आवाजाची पहिल्या फॉर्मंटची सरासरी 'शीप'च्या स्वराला ३१०, 'शिप'ला ४३०, 'बेड'ला ६१० आणि 'बॅड'ला ८६० हर्ट्झ होती. हे आकडे गाठायचे नाहीत, प्रत्येक तोंड वेगळं. बघायचं ते अंतर. विद्यार्थिनीचे 'बेड' आणि 'बिड' यांच्यात पन्नास हर्ट्झचाही फरक नसेल तर दोन्ही एकाच पायरीवर आहेत. शंभराच्या पुढे गेला की जिना उभा राहू लागला. प्रत्येक शब्द पाच वेळा मुद्रित करून मधला आकडा घ्या, एकाच मुद्रणावर निकाल देऊ नका.

दर दोन आठवड्यांनी एकच वाक्य मुद्रित करून ठेवा: 'द मॅन इन द बिग होटेल बिगॅन टु थिंक अबाउट ब्रेड.' यात 'मॅन'चा ङ होतो का, 'होटेल'चा 'टे' उभा राहतो का, 'बिगॅन'मधला ॲ टिकतो का, 'अबाउट'चा अ पुसट होतो का आणि 'ब्रेड' 'ब्रिड'कडे सरकतो का, हे पाचही एका ठिकाणी तपासता येतात. शब्द सुटे बरोबर येऊन वाक्यात बिघडत असतील तर नवीन स्वर घेऊ नका. हेच वाक्य दोन-दोन शब्दांच्या तुकड्यांत, टाळीच्या ठेक्यावर, आधी अर्ध्या वेगाने म्हणवून घ्या. टाळी 'मॅन', 'बिग', 'टेल', 'गॅन', 'थिंक', 'बाउट', 'ब्रेड' यांवरच पडली पाहिजे. 'हो'वर पडली की पुन्हा 'बिग-होटेल'पासून सुरुवात.